चार इंच लिफ्ट, पण गोळ्याखाली जेमतेम एकच इंच

सातारा-सांगलीकडच्या पिकअपवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गाडी चार इंच लिफ्ट करा (म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच करा), 265/75 या मोठ्या मापाचे टायर टाका. क्लिअरन्स चार इंच वाढतो, मायलेज सुधारतं, चिखलात आणि घाटात गाडी पक्की राहते. टायरला आरटीओची परवानगी लागत नाही.’ माझ्या आतेभावाने हे वाचूनच गाडी लिफ्ट केली, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

आधी क्लिअरन्स. लिफ्टने वर जाते ती चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांमधला आस, आणि त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा (गिअरपेटीचा) गोळा चाकांनाच जोडलेला असतो, त्याला उचलतो फक्त टायर. मूळ 245/70 आर 16 टायरचा व्यास साधारण 749 मिलिमीटर, 265/75 आर 16 चा 804. फरक 55, आणि गोळ्याच्या वाट्याला त्यातला निम्मा, म्हणजे 27 मिलिमीटर. ओढ्यात उतरताना बंपर घासत नाही, हा फायदा खरा आहे. पण कासच्या पलीकडच्या दगडी वाटांवर पहिला दगड लागतो तो गोळ्यालाच.

मायलेजबद्दल मेसेज म्हणतो, मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पळतं. पळतं, सात टक्के. पण चाकाशी ओढही तेवढीच कमी होते. खंबाटकीत जिथे तिसरा गिअर चालत होता, तिथे दुसरा टाकावा लागतो. त्यात टायर जड आणि उंच गाडीला वारा जास्त अडवतो. डिझेल वाढणारच. मीटरसुद्धा चुकतो: काटा 80 वर असताना गाडी जवळजवळ 86 ने धावत असते.

चिखलाचं थोडक्यात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत उसाच्या फडात रुंदीपेक्षा टायरची नक्षी महत्त्वाची. मूळ मापाचा चांगला एटी (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर तिथे काम करतो.

आरटीओबद्दलचा दावा तर साफ खोटा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं मापही लिहिलेलं असतं.

घाटाचा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला, कारण जीव तिथे जातो. गाडी उंच झाली की वळणावर जास्त कलते, हे कुणालाही कळतं. ब्रेकचं मात्र कुणी बोलत नाही. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीवर बसवलेला, आणि तिथून एक बारीक दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्ट केल्यावर चॅसी अ‍ॅक्सलपासून लांब गेली, की भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि सगळा ताण पुढच्यांवर येतो.

आतेभाऊ बामणोलीकडून तांदळाची पोती भरून यवतेश्वरच्या घाटातून उतरत होता. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल मऊ पडलं आणि पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक ओढत त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. पुढचे ब्रेक पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि मागची ती दांडी पार खाली खेचली गेलेली. लिफ्ट करणाऱ्याने सस्पेन्शनला हात लावला होता, दांडीच्या ब्रॅकेटला नाही.

गाडी आता मूळ उंचीवर आहे. टायर 245/70 चेच, एटी नक्षीचे.