बीएसडीचा निकाल एका दुपारी लावू नका

संगणक मासिकांतल्या परीक्षणांतून एक मत वर्षानुवर्षं फिरतंय आणि लोक ते न तपासता पुढं पाठवतात. बीएसडी घराण्यातल्या फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीम म्हणे लिनक्सचीच जुनाट भावंडं; टाकायला किचकट, वापरत कोणी नाही, लिनक्सपुढे मागे पडल्या म्हणजे दर्जाही कमी, वाचकांनाही रस नाही, त्यामुळे मासिकात अर्ध्या पानाची चौकट मिळते तेवढी पुरे. मी रोज ओपनबीएसडीवर काम करतो, म्हणून याला उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी भावंडांचं. लिनक्स हे मुळात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा नुसता गाभा. बाकीचं सामान ठिकठिकाणाहून गोळा करून डिस्ट्रो, म्हणजे वापरायची पूर्ण सिस्टीम, तयार होते. बीएसडीत कर्नल, कमांड, मॅन्युअल हे सगळं एकाच सोर्स कोडमध्ये, एकाच चमूच्या हातून घडतं. तिचं मूळ बर्कले विद्यापीठात, १९७०च्या दशकात; लिनक्स आलं १९९१ मध्ये. परीक्षणात मात्र डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट छापतात. तो डेस्कटॉप दोन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो. जे वेगळं आहे ते वाचकापर्यंत पोचतच नाही.

‘टाकायला किचकट’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर साध्या अक्षरांत एकेक प्रश्न विचारतो. मशीनचं नाव काय, नेटवर्क कुठलं, डिस्क कुठली. बहुतेक प्रश्नांपुढे चौकटी कंसात उत्तर तयार असतं. पटलं तर एंटर दाबायचं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी निम्म्याहून जास्त वेळा नुसतं एंटरच दाबलं होतं. मशीन पुन्हा सुरू झालं, रूट, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून लॉगिन केलं, तर पत्र आल्याची सूचना! प्रकल्पाचे संस्थापक थिओ डी राट यांच्या नावाचं स्वागताचं पत्र, आणि त्यात ‘मॅन आफ्टरबूट’, म्हणजे मॅन्युअलमधलं ‘आफ्टरबूट’ हे पान, वाचा असं सांगितलेलं. ते पान उघडलं की तारीख बरोबर आहे का, नेटवर्क नीट लागलंय का, अशी तपासायच्या गोष्टींची यादीच समोर येते. हे पत्र उघडून पाहिलेलं परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही.

वाय-फायची तक्रार मात्र रास्त आहे. काही कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, परवान्याच्या अटींमुळे इन्स्टॉलरसोबत देता येत नाही. ते पहिल्यांदा सुरू होताना नेटवरून उतरवलं जातं. त्यामुळे सुरुवातीला केबल लावावी लागते. आणि ब्लूटूथ ओपनबीएसडीत नाहीच; त्याचा कोड २०१४ मध्ये काढून टाकला. हे वाचकाला स्पष्ट सांगायलाच हवं.

‘वापरत कोणी नाही’? नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून येतात ते फ्रीबीएसडीवर चालतात. प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम फ्रीबीएसडीवरच बेतलेली. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांनी लिहिलेलं ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, आज लिनक्स सर्व्हरवर, मॅकवर, अगदी विंडोज १० मध्येही आहे.

बीएसडी लिनक्सपुढे मागे पडली म्हणजे दर्जा कमी, हेही तितकंसं खरं नाही. १९९२ मध्ये बीएसडी ज्यातून निघाली त्या युनिक्सचे हक्क असलेल्या एटी अँड टीच्या कंपनीनं बीएसडीच्या कोडवरून दावा लावला आणि तो १९९४ मध्ये मिटला. ऐन वाढीची ती वर्षं कोर्टात गेली.

राहिला मुद्दा वाचकांना रस नसल्याचा. जानेवारी १९९१ पासून ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ या अमेरिकी मासिकानं विल्यम आणि लिन जोलित्झ या दांपत्याची लेखमाला छापली. विषय होता बीएसडी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर कशी उतरवायची. त्यातून १९९२ मध्ये ३८६बीएसडी लोकांच्या हाती आली. तिच्यात दुरुस्त्या करणाऱ्यांमधूनच १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी उभ्या राहिल्या. एवढा खोल विषय त्या मासिकानं महिनोन्‌महिने चालवला आणि वाचकांनी तो उचलून धरला. आजच्या परीक्षकाकडे माझं मागणं त्यापेक्षा कितीतरी लहान आहे: एक मशीन महिनाभर यावर चालवा, एकदा अपग्रेड करा, काय मोडलं आणि काय टिकलं ते लिहा.