ज्येष्ठमध आणि स्टेरॉइड

कुत्र्यांच्या जुनाट जुलाबांवरची चिनी औषधं 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक' असं लेखात म्हटलंय, तिथेच मी अडखळले. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा बंड्या, बीगल, वय ९. दर आठवड्याला दोन-तीनदा आव पडायची आणि पहाटे पोट इतकं गुरगुरायचं की आम्हीच जागे व्हायचो. चिनी पद्धत शिकलेल्या पशुवैद्य बाईंनी त्याची जीभ पाहिली, मांडीच्या आतली नाडी धरली, 'प्लीहेची "ची" (म्हणजे चिनी वैद्यकातली जीवनशक्ती) कमी पडलीय' म्हणाल्या आणि 'सी जुन्झी तांग'ची पावडर दिली. त्यात चारच गोष्टी: जिनसेंग, बायझू नावाची मुळी, फूलिंग नावाची बुरशी आणि ज्येष्ठमध. म्हटलं, हे तर आजीच्या बटव्यातलं!

पण बंड्याला तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं. ज्येष्ठमध जास्त झालं की पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो, आणि स्टेरॉइड सोबत असेल तर धोका वाढतोच. बाईंनी आपणहून विचारलंच नाही, मीच सांगितलं. पावडर बंद. आणि 'नैसर्गिक'चं म्हणाल, तर १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन घटवायच्या औषधात भलतीच चिनी वनस्पती गेली नि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली.

बंड्याला गुण आला तो हायड्रोलाइज्ड (आधीच बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांच्या खाण्याने आणि बी१२च्या इंजेक्शनांनी. आतड्याच्या अशा दुखण्यात बऱ्याच कुत्र्यांना नुसता आहार बदलूनही बरं वाटतं, त्याबद्दल लेखात ओळसुद्धा नाही. पावडरीचा डबा अजून कपाटात आहे, आणि कपाट उघडलं की बंड्या शेपटी हलवत हजर!