अमेरिकेत म्हणे सगळं मशीनच करतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. भाचीने कोथरूडच्या एका खासगी हॉस्पिटलात रजिस्ट्रेशन काउंटरवर नोकरी धरली, हातात अठरा हजार. दादाने लगेच निकाल देऊन टाकला: "केस पेपर काढायला बी.कॉम. कशाला व्हायला हवं? दोन वर्षांत क्यूआर कोड हे काम खाऊन टाकेल. अमेरिकेत बघ, तिथे सगळं मशीनच करतं." खाली भराभर अंगठे.

दादा, ते मशीन म्हणजे मी. अमेरिकेतल्या कोलंबसच्या एका हॉस्पिटलात, इमर्जन्सीच्या दाराशी रजिस्ट्रेशन काउंटरवर, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा.

स्वतःच नोंद करायची किऑस्क मशीन्स आहेत ना लॉबीत. लोक मायचार्ट या पेशंटच्या अ‍ॅपवरून घरबसल्या चेक-इनही करतात. पण इन्शुरन्स तोच, पत्ता तोच, कोपे (पेशंटने स्वतः भरायचा वाटा) कार्डवर, अशी सरळ प्रकरणं तिथे निभावतात. गुंता माझ्याकडे येतो. परवा एक मारिया गार्सिया आली. सिस्टिममध्ये त्याच नावाच्या, त्याच जन्मतारखेच्या दोघी, एकीला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. वरची ओळ दाबून मोकळी झाले असते तर हिच्या मनगटावर दुसरीचा बँड गेला असता. आयपॅडवरच्या दुभाष्याकरवी जुना पत्ता विचारला, फोनचे शेवटचे आकडे विचारले, तेव्हा कुठे उलगडलं. याला टायपिंग म्हणायचं तर म्हणा बापडे.

आणि पुण्यात काय वेगळं आहे? आधारवर माहेरचं नाव, मेडिक्लेमच्या कार्डावर सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच स्पेलिंग. आभा या सरकारी आरोग्य ओळखीचा चौदा आकडी नंबर आला, २०२२ पासून ओपीडीत कोड स्कॅन करून माहिती पाठवता येते, रांग कमी होते, सगळं मान्य. पण टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांची, क्वेरी स्कॅन करून सुटत नाही. कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्या, असं विमा प्राधिकरणाने २०२४ मध्ये बजावलं. तो तास धरायचा विनंती गेल्यावर, आणि त्या विनंतीतलं नाव काउंटरवरच्या मुलीने पॉलिसीशी ताडून घातलेलं असावं लागतं.

या कामाला फारशी किंमत नाही, हे दादाचं म्हणणं पगारापुरतं मात्र निम्मं खरं आहे, आणि झोंबतं ते तेच. इथल्या, अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याच्या हिशेबाने मे २०२४ मध्ये रिसेप्शनिस्टचा मधला दर तासाला १७.९० डॉलर होता, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या नोकऱ्या जवळपास आहेत तितक्याच राहणार. मेडिकल रेकॉर्ड्सवाल्यांना वर्षाला ५०,२५० डॉलर, वर २०३४ पर्यंत ७ टक्के वाढीचा अंदाज. माझा दर पहिल्या आकड्याच्या शेजारी. पेशंट अ‍ॅक्सेसची, म्हणजे याच काउंटरच्या कामाची, सर्टिफिकेट परीक्षा दिली, तेव्हा तासाला डॉलरभरही वाढ मिळाली नाही. ज्या मुली प्रायर ऑथोरायझेशनकडे (उपचाराआधी विम्याची मंजुरी मिळवण्याचं काम) किंवा बिलिंगकडे सरकल्या त्यांचं बरं झालं. दादा डॉलरचे रुपये करतो आणि खूश होतो, घरभाड्याचे रुपये कधी करत नाही.

एका बाबतीत मात्र मी ग्रुपवर मान वर करून लिहिते. इथे अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या माणसाची तपासणी इन्शुरन्सच्या चौकशीसाठी थांबवता येत नाही. आधी नाव आणि जन्मतारीख, बाकीचं नंतर चाकावरचा कंप्युटर ढकलत त्याच्या खाटेपाशी जाऊन विचारायचं. तिकडे पुण्यात एप्रिल २०२५ मध्ये हॉस्पिटलच्या अनामत रकमेवरून केवढा गदारोळ झाला! धोरण वरच्या मजल्यावर ठरतं, शिव्या काउंटर खातं. (नंतर घरी येणाऱ्या बिलाबद्दल मी ग्रुपवर अवाक्षर काढत नाही.)

मागच्या खेपेला आईला पुण्यात ओपीडीत नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने माझा नंबर मागितला. रकाना दहा आकड्यांचा, पुढे अमेरिकेचं अधिक एक घातलं की लाल होई. "मॅडम, इथलं कोणी नाही का?" मुलगी मी, शेजारी उभी मी, तरी नंबर दिला दादाचा. त्यानंतरचे रिपोर्टचे, तारखांचे सगळे फोन त्यालाच गेले आणि त्याने ते निमूट निस्तरले. म्हणून ग्रुपवर त्याला हवं तसं खडसावताही येत नाही.

भाचीला वेगळा मेसेज केला: सहा महिने काउंटर कर, मग टीपीए डेस्कवर बदली माग, ती होईपर्यंत सोडू नकोस. तिचं उत्तर आलं, "मावशी, तुमच्याकडे काही जमेल का?"

नाही जमणार गं. इथे या कामाला हायस्कूल पास चालतं, त्यावर कुणी एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, देत नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि वर्क परमिट मिळेपर्यंत घरी बसून होते. तेव्हा ग्रुपवर मी कधी काही लिहीत नसे.