‘ओळखीच्यांना आधी आत घेतात’ : आपल्या अभिप्रायाला आमच्या श्रवण केंद्राचे उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आपण वडिलांना घेऊन बार्शीतील आमच्या केंद्रात आला होतात आणि त्याच रात्री आपण एक स्टार देऊन अभिप्राय लिहिलात. बाहेर ‘मोफत तपासणी’ असा बोर्ड लावून दीड महिन्यानंतरची तारीख देतात, त्या तारखेलाही दीड तास ताटकळत ठेवतात, ओळखीच्यांना आधी आत घेतात आणि शेवटी कानात मळ असल्याचे सांगून तपासणी न करताच परत पाठवतात, असा त्याचा आशय आहे. आपल्या वडिलांना त्या दिवशी झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागते. वयस्कर माणसाला लाकडी बाकावर इतका वेळ बसवून ठेवणे योग्य नव्हते, हे मला मान्य आहे.

मात्र ‘ओळखीच्यांना आधी आत घेतात’ हे वाक्य वाचून मला रात्रभर झोप आली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बार्शीसारख्या गावात दवाखाना नावावर चालतो, आणि हे वाक्य आता परांडा, भूम, करमाळ्याच्या लोकांनाही फोनवर दिसणार आहे.

आपल्या आधी ज्यांना आत घेतले ते एक आई-वडील आणि त्यांचे चौदा महिन्यांचे बाळ होते. ते माझ्या ओळखीचे नाहीत. त्या दिवसापूर्वी मी त्यांना पाहिलेही नव्हते. आमच्या मदतनीस ताई त्या आईशी घरच्यासारखे बोलत होत्या, खोलीच्या दारातून ‘झोपलंय ना गं?’ असे दोनदा विचारत होत्या, त्यावरून आपला तसा समज झाला असावा. ती ओळख आदल्या दिवशीच्या दोन फोनपुरती होती. बाळाची ‘बेरा’ नावाची तपासणी असली की बाळाला पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, येथे आल्यावर दूध पाजा, या सूचना द्याव्या लागतात, आणि त्यासाठीच ते फोन झाले होते. बाळ अर्थातच एसटीत झोपले आणि स्टँडवर उतरताच टक्क जागे झाले.

या तपासणीत बाळाच्या कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि त्या आवाजाला श्रवणाच्या नसेकडून व मेंदूच्या देठाकडून येणारा प्रतिसाद संगणकावर नोंदवतात. तो प्रतिसाद इतका सूक्ष्म असतो की बाळाने नुसती मान वळवली किंवा रडायला तोंड उघडले, तरी आलेख बिघडतो. मोठ्या माणसाला ‘आवाज आला की बटण दाबा’ असे सांगता येते, या बाळाला सांगता येत नाही. ते गाढ झोपले तरच काही कळते, आणि कधी झोपायचे हे तेच ठरवते. त्या शनिवारी ते सकाळी साडेनऊपासून आईच्या खांद्यावर, बाबांच्या मांडीवर, शेवटी जिन्यात येरझाऱ्या घालत झोपवले जात होते आणि ११.४० वाजता झोपले. त्या क्षणी त्याला आत घेतले नसते, तर ते दुपारपर्यंत पुन्हा झोपले नसते आणि त्या आई-वडिलांना नवी तारीख द्यावी लागली असती. ती तारीख आपल्याप्रमाणेच दीड महिन्यानंतरची असती.

जन्मानंतर एका महिन्याच्या आत कानांची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा अन्य उपचार सुरू, असे वेळापत्रक आमच्या क्षेत्रात जगभर मानले जाते, कारण बोलणे शिकण्याचा काळ त्याच वयात सुरू होतो. हे बाळ चौदाव्या महिन्यात आले होते, म्हणजे आठ महिने आधीच गेले होते. त्या दारात आपण माझ्या जागी असता, तर आपणही वेगळे काही केले नसते असे मला वाटते.

आता वेळेबाबत. आपल्या वडिलांची वेळ ११.३० ची होती. आमच्या वहीत आपली नोंद ११.५० ची आहे आणि तिच्यापुढे आपलीच सही आहे. मी हे उणेदुणे काढण्यासाठी लिहीत नाही. गाडी लावायला आमच्या गल्लीत जागा मिळत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु आपण ठरलेल्या वेळी पोहोचला असता, तर बाळ झोपण्याआधी दहा मिनिटे हातात होती आणि वडिलांच्या कानात निदान पाहून झाले असते. बाळाची तपासणी १२.५५ ला संपली आणि आपल्याला १.०५ ला आत बोलावले. हा दीड तास नव्हे, सव्वा तास होतो. सव्वा तासही फार झाला हे मी वर कबूल केलेच आहे, तरीही लिहिताना आकडा बरोबर असावा, एवढेच म्हणणे आहे.

मळाचा उल्लेख आपणच केला आहे, म्हणून तेवढ्यापुरते बोलते; वडिलांच्या कानांविषयी याहून अधिक काही मी येथे लिहिणार नाही, कारण तो त्यांचा खाजगी विषय आहे. मळाने कान बुजलेला असताना तपासणी केली, तर ऐकू येण्यातली घट आहे त्यापेक्षा जास्त दिसते. त्या चुकीच्या आलेखावर श्रवणयंत्राचा, म्हणजे मशीनचा, आवाज जुळवला, तर मळ निघाल्यावर तेच मशीन कानात ओरडू लागते आणि माणूस ते काढून कपाटात ठेवतो. मोल्डसाठी, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या भागासाठी, माप घेताना कानात भरला जाणारा मसाला मळाला आणखी आत ढकलू शकतो, हा धोका वेगळाच. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे; मळ मी स्वतः काढत नाही, त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवते. मला आपल्याला मशीन विकायचेच असते, तर मी मळासकट तपासणी उरकून त्याच दिवशी बिल फाडले असते. आपल्याकडून त्या दिवशी एक रुपयाही घेतलेला नाही, हे अभिप्रायात राहून गेले आहे.

राहता राहिला दीड महिना. ही रांग मलाही आवडत नाही. आमच्याकडे आवाजबंद खोली एक, ऑडिओलॉजिस्ट एक, म्हणजे मी, आणि मदतनीस ताई एक. सोमवार ते शुक्रवार फी घेऊन काम चालते, त्यातून भाडे, हप्ते आणि यंत्रांचे दरवर्षीचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, भागते, आणि शनिवार मोफत ठेवता येतो. शनिवारी साडेनऊ ते दोन या वेळेत आठ जणांपेक्षा अधिक तपासण्या नीट होत नाहीत. त्या आठांपैकी एखाद-दोघे न कळवता येत नाहीत, आणि ती वेळ ना त्यांच्या कामाची राहते ना रांगेतल्या दुसऱ्याच्या. बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयांना यंत्रे व माणसे देण्याची तरतूदही आहे. पण भूमहून किंवा वैरागहून निघालेल्या माणसाला जवळ पडते ते आमचेच दार. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात सहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये जमा होऊ लागले, आणि ‘बाई, तीन हजारांत बसवा’ म्हणत येणाऱ्यांची भर पडली. त्या पैशांत चांगले डिजिटल मशीन येत नाही, हे त्यांना समजावून सांगण्यातही वेळ जातो, आणि तो मी आनंदाने देते. शिबिरात मिळालेले, पण कोणी जुळवून न दिलेले, शिट्टी वाजणारे मशीन पिशवीत घालून येणारे आजोबाही याच रांगेत असतात. त्यांना मी काय सांगू?

दुसरा ऑडिओलॉजिस्ट का नेमत नाही, असे आपण विचाराल. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला माणूसच मला हवा आहे, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा मैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत हा विषय शिकून बाहेर पडलेल्या मुलांना मी देऊ शकते तेवढ्या पगारात बार्शीला येण्याचे कारण नसते. तीनदा जाहिरात दिली. एक मुलगी येऊन पाहूनही गेली. तिने पुणे पसंत केले, आणि तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

आमची चूक कोठे झाली तेही सांगते. ओटोस्कोपने, म्हणजे कान पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने, कानात डोकावायला दोन मिनिटे लागतात. बाळाची तपासणी सुरू असताना एका कानाचे काम झाल्यावर मी दोन मिनिटे बाहेर आले असते, तर मळाचे आपल्याला सव्वाबारालाच कळले असते आणि वडिलांना जेवायला घरी नेता आले असते. हे मला सुचले नाही. यापुढे आल्याबरोबर आधी कान पाहून घेण्याचा प्रयत्न करू, झोपलेल्या बाळाला क्रम सोडून आत घेतले जाईल अशी सूचना दारावर लावू, आदल्या दिवशी सर्वांनाच फोन करण्याचे पाहू, आणि जमल्यास महिन्यातून एखादा बुधवारही मोफत तपासणीसाठी ठेवण्याचा विचार आहे.

वडिलांच्या कानात थेंब टाकणे सुरू असेलच. डॉक्टरांकडून कान साफ करून घेतल्यावर त्यांना पुन्हा दीड महिना थांबायचे नाही. त्यांचा नंबर वहीत तसाच आहे. पुढच्या शनिवारी ९.३० ची वेळ एका रुग्णाने कळवून रद्द केली आहे, ती मी त्यांच्यासाठी ठेवली आहे. ही रांग मोडून दिलेली वेळ नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. येताना डॉक्टरांचा कागद आणि घरात एखादे जुने मशीन असल्यास तेही सोबत आणावे, आणि शक्यतो ९.२० पर्यंत पोहोचावे. त्या दिवशी सकाळी बाळांची तपासणी ठेवलेली नाही.

आपली,
केंद्रचालक व ऑडिओलॉजिस्ट