चांदीचं कुणी नेलं?

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी पंखवाली एक देवी आहे. आज्जीच्या लेखी ती देवीच, त्यामुळं रोज हळदकुंकू आणि नवरात्रात मानाचा विडासुद्धा. दिवाळीच्या आवराआवरीत मी तिला उलटी केली तर मागं इंग्रजीत १९१४-१९१९. देवी कसली, पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल, पणजोबांचं! या मेडलांच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात, नंबर, हुद्दा, नाव, पलटण. एवढ्या वर्षांचं कुंकू त्या खाचांत बसून अक्षरं अशी लालभडक उठली होती की भिंगाची गरजच नाही. शिपाई, ११४ मराठाज. नावाचं स्पेलिंग मात्र गोऱ्या कारकुनानं असं केलेलं की त्या नावानं हाक मारली असती तर पणजोबांनी ओ दिली नसती.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि झालं सुरू. थोरल्या काकांचं म्हणणं, पणजोबा जर्मनच्या लढाईला गेले आणि हिटलरला लांबून बघून आले. म्हटलं काका, ही पलटण बसऱ्याकडं होती, मेसोपोटेमियात म्हणजे आताच्या इराकात, समोर तुर्क होते, १९१८ च्या ऑक्टोबरात शरगतला मोठी लढाई केली यांनी, आणि हिटलर तेव्हा स्वतःच साधा सैनिक होता. काका म्हणाले, "मग शिपाई शिपायाला भेटला असंल की." बरं, लढाई १९१८ ला थांबली मग मेडलवर १९१९ कसं? मी तहाबिहाचं सांगायला लागलो तर म्हणाले, "एक वर्ष जादा ड्युटी केली आपल्या म्हाताऱ्यानं."

आता कागद शोधायचे. सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज म्हणून संस्था आहे, तिच्या यादीत नाव टाकलं. बसऱ्याच्या एका स्मारकावरच ४० हजारांवर नावं आहेत, पण ती सगळी गेलेल्यांची. आमचे पणजोबा जिवंत परत आले आणि म्हातारपणी कडक भाकरी शेंगाचटणीसोबत स्वतःच्या दातांनी फोडून खात होते म्हणे, त्यामुळं यादीत नाहीत. आत्या म्हणाली, "म्हंजे मेले असते तर सापडले असते, जिवंत आले ह्योच गुन्हा का?" लाहोरच्या म्युझियममध्ये ३ लाख २० हजार सैनिकांची रजिस्टरं निघाली हे वाचून मी जरा हरखलो, तर ती पंजाबची. मग बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र लिहिलं, कारण १९२२ च्या फेररचनेत ११४ मराठाज त्याच रेजिमेंटमध्ये गेली.

उत्तराची वाट बघता बघता मी ग्रुपवर सहज एक माहिती टाकली. ज्याला हे पितळी दिसणारं व्हिक्टरी मेडल मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडलपण मिळायचंच, आणि ते चांदीचं, तीन तोळ्यांच्या आसपास.

ग्रुप पाच मिनिटं गार. एरवी सकाळी साडेपाचला गुड मॉर्निंग टाकणारी माणसं, कुणी टाईपिंगसुद्धा करेना. मग काकांचा मेसेज आला, "म्हणजे आपल्या घरात एक चांदीचं होतं."

त्यानंतर पणजोबा, बसरा, तुर्क सगळं संपलं. वाटणीच्या वेळी ट्रंक कुणी उघडली, किल्ली कुणाच्या कमरेला होती, बार्शीच्या काकूंची लग्नातली जोडवी नेमकी त्याच साली कशी आली, याच्यावर रात्री दीडपर्यंत चर्चा, त्यात दोन चुलतभाऊ ग्रुप सोडून गेले आणि एकाला फक्त भांडण नीट वाचता यावं म्हणून परत घेतलं. नात्यात आजवर कुणी विचारलं नव्हतं की हा माणूस सोलापुरातून एवढ्या लांब गेला कसा, खाल्लं काय, घाबरला का. चांदी म्हटल्यावर सगळ्यांना इतिहासाची गोडी लागली.

शेवटी काकूंनी चिडून सराफाकडच्या जुन्या पावतीचा फोटो टाकला. जोडव्यांचं वजन, पावणेदोन तोळे. म्हटलं सुटल्या बिचाऱ्या. काकांनी पावती झूम करून बघितली आणि लिहिलं, "मग उरलेली सव्वा तोळा कुठाय?"