एक स्टार दिलेल्या सरांना, जिमच्या मालकाकडून

नमस्कार सर, जिमचा मालक लिहितोय. तुमचा रिव्ह्यू ज्या रात्री आला त्याच रात्री वाचला होता, पण तेव्हाच उत्तर टाईप करायला बसलो असतो तर वाट्टेल ते लिहून मोकळा झालो असतो, म्हणून चार दिवस गप्प बसलो.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. सर मेंबरशिप रिन्यू करायला आले, काउंटरवर डबा होता, डब्यावर पोस्टर की मालकाच्या मित्राच्या स्लिप डिस्कच्या ऑपरेशनसाठी मदत करा, रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना तीनदा विचारलं, ते तीनदा नाही म्हणाले आणि घरी जाऊन बिल बघतात तर त्यात देणगी जोडलेली. वर त्यांचा प्रश्न असा की तुमचेच ट्रेनर सांगतात स्लिप डिस्क बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरी होते, मग मालक ऑपरेशनला पैसे कशाला गोळा करतोय, म्हणजे एकतर व्यायामाचं खोटं नाहीतर मित्राचं.

बिलाचं आधी बोलतो कारण तिथे मला बोलायला तोंडच नाहीये. रिन्यूअलच्या फॉर्मवर देणगीच्या चौकोनात टिक आधीपासून होती आणि ती मीच ठेवायला सांगितली होती, सिस्टिमची चूक वगैरे काही नाही. मनात असं होतं की ज्याला नको तो काढेल. आता ज्याला घाईत सही करून वर्कआऊटला पळायचंय तो कशाला वाचत बसेल, हे मला कळत नव्हतं असं नाही, कळत होतं म्हणूनच टिक ठेवली ना. तुमचे पैसे परत केलेत, आणि त्या फॉर्मवर सही केलेल्या प्रत्येकाचे केलेत, न मागता. तिघाचौघांनी राहू दे म्हटलं तरी आधी परत दिले, मग त्यांना द्यायचे असतील तर त्यांनी स्वतःहून द्यावेत.

रिसेप्शनवरच्या मुलीबद्दल मात्र तुम्ही "भीक मागायला बसवलीये" असं लिहिलंय ते मला पटलं नाही सर. येणाऱ्या प्रत्येकाला विचार असं तिला मी सांगितलं होतं, ती बिचारी मालकाचं ऐकत होती. शिव्या द्यायच्या तर मला द्या, माझं नाव बाहेर बोर्डावर आहे.

आता स्लिप डिस्क. गंमत म्हणजे पोस्टरवर जे लिहिलं होतं त्यावर तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, चुकलं ते पोस्टर. मित्राची डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, सरकलेली नाही, मणकाच सरकलाय, आणि आपल्याकडे दोन्हीला लोक सर्रास "स्लिप" म्हणतात म्हणून घाईत पोस्टर बनवणाऱ्याने तेच छापलं आणि मी न वाचता चिकटवलं. या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. दोन मणक्यांमधली गादी फुगली किंवा फुटून बाहेर आली आणि नसेवर दाब आला तर पाय दुखतो, आणि त्यातले बरेच जण काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप सुधारतात, बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पाय दुखणाऱ्या, २८३ पेशंटचा, अर्ध्यांना लवकर ऑपरेशन आणि अर्ध्यांना थांबून उपचार, तर ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला पण वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच. अर्थात थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, तेही सांगायला हवं. आणि नुसत्या एमआरआयच्या रिपोर्टवर तर अजिबात घाबरू नये, १९९४ च्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तर फक्त ३६ टक्क्यांच्याच सगळ्या गाद्या नॉर्मल निघाल्या. त्यामुळे आमचे ट्रेनर तुम्हाला जे सांगतात ते खोटं नाहीये आणि मी ते बदलायला सांगणार पण नाहीये.

मित्राच्या बाबतीत काय आहे, तर कमरेच्या सगळ्यात खालच्या, पाचव्या मणक्याला मागच्या बाजूला एक बारीक फ्रॅक्चर आहे, बहुधा वाढत्या वयात झालेलं. असं फ्रॅक्चर कितीतरी लोकांना असतं आणि जन्मभर कळतही नाही. याचा मणका मात्र हळूहळू पुढे सरकत गेला, खालच्या हाडाच्या रुंदीच्या पाव भागापेक्षा जास्त पुढे आलाय, त्याला डॉक्टर ग्रेड टू म्हणतात. सरकला की तिथून निघणारी नस चेपते. व्यायामाने आजूबाजूचे स्नायू मजबूत होतात, दुखणं कमी होतं, पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं, पण सरकलेला मणका प्लँक मारून मागे जात नाही.

आणि व्यायाम त्याने केला नाही असंही नाही हो. दोन वर्षं फिजिओ केलंय त्याने, नियमाने, माझ्या अर्ध्या मेंबरपेक्षा जास्त नियमाने. मणक्यात इंजेक्शन घेतलं, पहिल्याने दीड महिना बरा गेला, दुसऱ्याने आठवडाभर. मग पाय. पिंडरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत मुंग्या, त्यानंतर पाऊल वर उचलेना, जिना चढताना बोटं पायरीला अडकायची, आणि एक दिवस चप्पल पायातून निसटून पडली तरी त्याला पत्ता नाही, मागून मी हाक मारली. तिथून डॉक्टरांनी ऑपरेशनचं बोलायला सुरुवात केली, त्याच्या आधी तेही नकोच म्हणत होते. दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं, तेही तेच. नसेवरचा दाब काढायचा, दोन मणके स्क्रू आणि रॉडने धरायचे आणि मधे हाडाचा तुकडा भरायचा म्हणजे ते एकमेकांना जुळून एक होतील. हाड पक्कं जुळायला कित्येक महिने जातात. सर्जनने स्पष्ट सांगितलंय की पाय सुधारायची शक्यता चांगली, कंबरेचं दुखणं पूर्ण थांबेलच असं नाही, आणि नस जेवढी जास्त दिवस चेपलेली राहील तेवढी पावलाची ताकद परत यायची खात्री कमी. सिगरेट आधी बंद करायला लावलीये कारण तिच्याने हाड नीट जुळत नाही. ती त्याने बंद केली, चिडचिड आम्ही सोसतोय.

(मधेच एक, कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर व्यायाम नाही, मालिश नाही, उद्या बघू नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.)

तुम्ही असंही लिहिलंय की हा माणूस मेंबर पण नाही, कोण कुठला. बरोबर, मेंबर नाहीये. तुम्ही ज्या रॅकवर स्क्वॉट मारता ना, तो आणि त्याच्या बाजूचे दोन, हे त्याने वेल्डिंग केलेत, जिम उघडली तेव्हा माझ्याकडे द्यायला पैसे नव्हते तेव्हा. त्याने हिशोब कधी काढला नाही, मीही सोयीस्कर विसरलो. वाकून वेल्डिंग करणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर कित्येक महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, म्हणजे कमाई बंद, त्यामुळे खर्च फक्त हॉस्पिटलच्या बिलाचा नाहीये. इन्शुरन्स होता पण पॉलिसी काढली दुखणं कागदावर आल्यानंतर, त्यामुळे आधीचा आजार म्हणून वेटिंग पिरियड लागला आणि तो संपायला अजून बराच वेळ आहे. पाऊल तेवढं थांबणार नाही.

पैशांचं आता असं केलंय. डबा काढला. त्यातली कॅश दोन मेंबरसमोर मोजली, त्या दोघांच्या सह्या आहेत. यापुढे द्यायचे असतील तर थेट हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या खात्यात भरायचे, पावती हॉस्पिटलची, माझ्या हातात काही नको. हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकाची कॉपी आणि जमलेली रक्कम नोटीस बोर्डवर लावलीये, दर सोमवारी बदलतो. पैसे उरले तर काय हे तुम्ही विचारलंत आणि खरं सांगतो, तोपर्यंत आम्ही यावर विचारच केला नव्हता. आता लिहून लावलंय, उरले तर त्याच्या फिजिओला आणि घरखर्चाला, ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी आपला वाटा परत मागावा, मिळेल.

एमआरआय इथे फोटो काढून टाका म्हणालात, तो टाकणार नाही. त्याचं शरीर आहे, त्याचे रिपोर्ट आहेत. समोर बसून बघायचे असतील तर तो दाखवायला तयार आहे, हे मी त्याला विचारूनच लिहितोय.

तुमचा रिव्ह्यू त्यालाही दाखवला होता. मला वाटलं माझ्यासारखाच चिडेल. त्याने पूर्ण वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला टिक कोणी लावली होती. मी म्हटलं मी. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, डबा काढल्याचा फोटो पाठवला तेव्हा कुठे उत्तर आलं, ते पण एवढंच की "पोस्टर पण काढ, चुकीचं आहे".

तर पोस्टर पण काढलंय. एक स्टार राहू द्या, मी बदला म्हणणार नाही, फक्त ते मुलीबद्दलचं वाक्य तेवढं काढता आलं तर बघा. ती सकाळच्या शिफ्टला असते, हा रिव्ह्यू तिनेही वाचलाय.