पोर्टल आहे, पलीकडे कोण आहे?

महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं मुदत संपल्यावर ‘आता कायम करा’ म्हणत रस्त्यावर उतरली, तेव्हा इथे जर्मनीत, श्टुटगार्टच्या आमच्या मराठी कंपूत दोन तट पडले. सहा महिन्यांसाठी आलात (पुढे त्याचे अकरा झाले, तरी), हक्क कसला सांगता, असं एकांचं म्हणणं. दुसरे म्हणत, बारावीला महिना सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा हजार देऊन कचेरीत बसवलं, पण इथून पुढे कुठे जायचं ते कोण सांगणार? मी दुसऱ्या तटात. ‘नोकऱ्यांचं एक चांगलं पोर्टल काढा, प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांशी मात्र माझं मुळीच जमत नाही. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयं आहे. पोर्टलांना तोटा नाही.

माझा भाचा लातूरकडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. एका खासगी पोर्टलवर नाव नोंदवायला गेला, तर पहिल्याच पानावर ‘मागील पगार’, पुढे लाल चांदणी, म्हणजे भरायलाच हवं. शून्य टाकलं की फॉर्म अडतो. शेवटी कॅफेवाल्याने पन्नास रुपये घेऊन तिथे ‘१२०००’ ठोकून दिलं. पहिली नोकरी मागायची, तीही खोटं लिहून!

इथे शेजारच्या बाईंचा मुलगा घरोघरी हीटिंग बसवण्याच्या कामावर शिकाऊ लागला. रोजगार खात्याच्या साइटवरची जाहिरात त्याने मला दाखवली होती. सुरुवात १ सप्टेंबर, मुदत साडेतीन वर्षं, पहिल्या वर्षी महिन्याला किती युरो, आणि फोन कोणाला करायचा ते नावासकट. अनुभवाचा रकानाच नाही. आधी शाळेनेच त्याला आठवडाभर एका वर्कशॉपात काम बघायला धाडलं होतं. साइट दिसायला अगदी रुक्ष, सरकारी. पण तिच्यामागे लेखी करार आहे, व्यवसाय-प्रशिक्षणाचा १९६९ चा कायदा आहे, आठवड्यातून एक-दोन दिवसांची व्यवसायशाळा आहे आणि २०२० पासून किमान विद्यावेतनसुद्धा.

म्हणून इथलं सगळं गोड मानायचं कारण नाही. चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. आडनाव तुर्की असलं की अर्जाला उत्तर येत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. आणि दरवर्षी हजारो जागा रिकाम्या, तरी हजारो मुलं जागेविना. जागा एका गावात, मुलगा दुसऱ्या. तिथे साइट काय करणार?

शिकाऊंचा कायदा आपल्याकडेही आहे, १९६१ पासून. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. मग साइटने मुलाला विचारावं फक्त पिनकोड आणि ट्रेड. बाकीची उत्तरं कंपनीने द्यावीत. शिकाऊंच्या किती जागा भरल्या? पाळ्या कोणत्या? चाकणला रात्रपाळी सुटल्यावर खोलीवर परतायला बस मिळते का, खोलीचं भाडं किती? लातूरच्या मुलाची आई हेच आधी विचारते. महिनाभरात अर्जाला उत्तर दिलं नाही, तर जाहिरात आपोआप उतरावी. आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव हवंच. एचआरमधल्या एका मित्राला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘नाव टाकलं तर दिवसभर फोनच घेत बसावं लागेल.’ मग त्यासाठी एक माणूस नेमा. तीही कोणाची तरी पहिली नोकरी असेल.